कुठला अण्णा?

आमच्या जयनगरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारा एक कानडी माणूस लिफ्टमध्ये भेटला की आपल्या व्हिडिओ गेमची गोष्ट सांगतो. गेमचे कितीतरी भाग आहेत, तिसरा पहिल्याच्या आधी घडतो, मेलेले परत येतात. नायकाला तो अण्णा म्हणतो. दवाखान्यात असलेला त्याचा थोरला भाऊही अण्णाच, म्हणून दर वेळी मला विचारावं लागतं.

"अण्णा पडला, अक्का."

"कुठला?"

"गेममधला हो. स्वल्प थांबा, पुढच्या भागात उठतो."

काल लिफ्टचं दार लागल्यावर तो म्हणाला, "अण्णा गेला, अक्का."

'कुठला' ओठांवर आलं, पण त्याच्या हातातल्या पिशवीतून थोरल्याच्या चपला दिसत होत्या. तो 'स्वल्प थांबा' म्हणेल म्हणून माझा मजला आला तरी मी उतरले नाही.