तिथे पुकारा होत नाही

हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात जाण्याआधी मी सिडनीच्या टूनगॅबी उपनगरातल्या घरी सोफ्यावर बसून त्याचे ऑनलाइन रिव्ह्यू वाचले. युद्धगुन्हेगारांवर जिथे खटले चालतात त्या जागेलाही लोक पिझ्झाच्या दुकानासारखे तारे देतात. प्रवेश फुकट म्हणून एकाने पाच दिले होते. आत फोटो काढू देत नाहीत म्हणून दुसऱ्याने एकच. तिसरा तिथे कधी गेलाच नव्हता. त्याच्या शत्रुराष्ट्राचा नेता अजून मोकळा फिरतोय, एवढ्यावर त्याने निकाल देऊन टाकला होता.

आमच्या युरोपच्या सहलीत हे न्यायालय घुसलं ते सासऱ्यांमुळे. बाबा दोन वर्षांपासून आमच्याकडेच राहतात. बायको ट्युलिपची बाग धरून बसली होती. बाबा म्हणाले, "फुलं टूनगॅबीतही आहेत. जगाचं कोर्ट एकदा बघू." ते तालुक्याच्या कोर्टात चौतीस वर्षं शिपाई होते. दारात उभं राहून पक्षकारांचा पुकारा करायचा, हे मुख्य काम. तीनदा नाव पुकारूनही माणूस आला नाही, तर गैरहजर.

तिथे आम्ही काचेमागच्या गॅलरीत कानाला हेडफोन लावून बसलो. पाऊण तास एका कागदाच्या पान क्रमांकावर चर्चा झाली. मग साक्षीदाराची ओळख गुप्त राहावी म्हणून पडदा खाली आला. मी डुलक्या घेत होतो. बाबा मात्र पडद्याकडेही टक लावून बघत होते. बाहेर आल्यावर त्यांनी माहिती देणाऱ्या मुलीला माझ्यामार्फत एकच प्रश्न विचारला. "इथे पुकारा कोण करतं?"

मी जमेल तसं इंग्रजी केलं. ती म्हणाली, आरोपीला पकडून आणायचं काम त्या त्या देशांचं. न्यायालयाचे स्वतःचे पोलीस नाहीत. काही जण वर्षानुवर्षं येतच नाहीत.

"म्हणजे हाक मारायलाच माणूस नाही," बाबा म्हणाले आणि ट्रामच्या स्टॉपकडे चालू लागले.

सिडनीला परतल्यावर पार्कातल्या बार्बेक्यूला हेगचे फोटो बघून आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, "तुझे सासरे तिकडे काय करायचे रे?"

"कोर्टात होते."

"अरे वा! जज?"

नेमकी त्याच क्षणी मला कणसं उलटायची होती. मी ती फार मन लावून उलटली. पोकळ थाटमाट दिसला की माझं डोकं फिरतं, असं मी स्वतःबद्दल वीस वर्षं सांगत आलोय. कणसं उलटून झाल्यावर 'नाही' म्हणायला भरपूर वेळ होता, हेही सांगून टाकतो.

चार दिवसांनी व्हॉट्सअॅपवर बाबांच्या व्याख्यानाचा फ्लायर आला: 'जागतिक न्यायालय, एका निवृत्त न्यायमूर्तींच्या नजरेतून'. तेवढ्या अवधीत जजचे न्यायमूर्तीही झाले होते. खाली आमच्याच फोटोतले, न्यायालयाच्या पाटीपुढे मफलर गुंडाळलेले बाबा.

इयर टेनमधली आमची मुलगी म्हणाली, "बट आजोबा वॉझन्ट अ जज."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "तू काय सांगितलंस त्यांना?"

"काहीच नाही."

"तेच म्हणतेय मी."

बाबांनी चष्मा लावून फ्लायर दोनदा वाचला. मी म्हणालो, "बाबा, घसा बसलाय असं कळवू का?"

"चौतीस वर्षांत बसला नाही, तो आता बसेल?" मग म्हणाले, "पांढरा शर्ट इस्त्रीला टाका." त्या आठवड्यात ते माझ्याशी हवामानापलीकडे काही बोलले नाहीत.

रविवारी दुपारी कम्युनिटी सेंटरचा हॉल भरला. व्याख्यानाआधीच सगळ्यांची मतं तयार होती.

"सगळा देखावा आहे, मेट. बडे देश त्यात सामीलच नाहीत."

"अरे, निदान कोणीतरी लिहून तर ठेवतंय!"

अध्यक्षांनी शाल घातली, नारळ दिला, चार वेळा 'माननीय न्यायमूर्ती' म्हणाले. दर वेळी मी खुर्चीत थोडा खाली सरकत होतो.

बाबा उठले. "मी न्यायमूर्ती नाही. मी शिपाई. न्यायमूर्ती आले की दार उघडायचो."

अध्यक्ष शालीकडे असे बघत होते, जणू ती परत मागता येते का याचा विचार चाललाय.

"तिकडचं कोर्ट मला आवडलं," बाबा म्हणाले. "स्वच्छ आहे. कोणी ओरडत नाही. तुम्ही म्हणता देखावा, असेल. पण आमच्याकडेही पहिल्या हाकेला कोण येत होतं? साखर कारखान्याचा चेअरमन तर तिसऱ्यालाही नाही. तरी मी दर तारखेला त्याचं नाव घ्यायचो. कोण आलं नाही, ते चहाच्या टपरीपर्यंत कळायचं. त्या कोर्टात तेवढंच कमी वाटलं."

"आजोबा, करून दाखवा ना!" पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं.

बाबांनी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली. दाराशी जाऊन ताठ उभे राहिले.

"टूनगॅबीचे जावईबापू हाजीर?"

बाहेर झुम्बासाठी थांबलेल्या बायका दचकून वळल्या. हॉल हसला. दुसऱ्या पुकाऱ्याला हसू कमी झालं, कारण बाबा हसत नव्हते. बायको सरळ समोर बघत होती. तिसऱ्याआधी ते जरा जास्तच थांबले. आपणहून यायची संधी द्यायची पद्धत असावी.

मी उभा राहिलो. "हाजीर आहे."

"पुढे या," बाबा म्हणाले. "मी जज असल्याचं यांना कोणी सांगितलं, ते सांगा."

मी पुढे गेलो आणि कणसांपासून सुरुवात केली.