फवारणीचे कपडे कोण धुतं?

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या कॉलनीतल्या माणसांशी भांडत होते. रस्त्याकडेची झाडं गाड्या लावायला आड येतात, तर ती तोडून टाकू, असं त्यांचं चाललं होतं. फोनवर तिची लेक गौतमी होती. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही... मी तिथंच पायरीवर बसले. माणसाचं मन किती अजब असतं बघा, डोळ्यांत पाणी यायच्या आधी पहिला विचार आला तो हा, की आता हे भांडण रंगवून सांगायचं कोणाला? जालन्यात आम्ही दोघींनी एकाच महाविद्यालयात नोकरी काढली, मी मराठीत, ती प्राणिशास्त्रात. आमची मैत्रीच भांडणावर उभी होती. कधी एकमेकींशी, बहुतेकदा दोघी मिळून जगाशी. अंत्यविधीला पंचशील म्हणताना मी गौतमीचा हात धरून उभी होते. आता महिना उलटून गेला, जरा धीर आला, म्हणून लिहायला बसले आहे.

पर्यावरणशास्त्र हा विषय सगळ्या शाखांना सक्तीचा झाला आणि शिकवायला कोणीच पुढे येईना, तेव्हा तो सुजाताच्या गळ्यात पडला. मुलं वर्षानुवर्षं एकच प्रकल्प एकमेकांचा बघून उतरवायची... वृक्षारोपणाचं महत्त्व, आणि मुखपृष्ठावर रडणारी पृथ्वी. एका वर्षी तो अख्खा गठ्ठा तिने माझ्या टेबलावर आणून आदळला. "बघ शैला, पृथ्वी नुसती रडून राह्यली. हिला कोण रडवतं अन् तिच्यासोबत अजून कोण रडतं, त्याचा पत्ताच न्हाई." पुढच्या वर्षी तिने प्रकल्प बदलला. मुलं बहुतेक कापूस पिकवणाऱ्या घरांतली. त्यांना तिने एकच प्रश्न दिला, तुमच्या घरी फवारणीचे कपडे कोण धुतं? मुलगे खो खो हसले. मुली हसल्या नाहीत. हे काय शास्त्र झालं का, असं आमच्या एका सहकाऱ्याने स्टाफरूममध्ये विचारलं, तर ही म्हणाली, "सर, तुमचे कोण धुतं?" सर चहा प्यायला बाहेर निघून गेले.

उत्तरं सगळीकडून एकच आली. आई, वहिनी, बहीण, बायको. घरातल्या मोरीत, उघड्या हाताने, लेकरांच्या कपड्यांच्याच बादलीत. फवारणी करणाऱ्या पुरुषांसाठी प्रशिक्षणं व्हायची, मास्क आणि हातमोजे वाटले जायचे, फोटो निघायचे. फवारणीसाठी पाणी वाहणारी, दुसऱ्याच दिवशी त्या ओल्या पिकात निंदायला वाकणारी आणि संध्याकाळी ते कपडे घासणारी बाई त्या फोटोत कुठेच नसायची. "पुस्तकातलं पर्यावरण जंगलात असतं," सुजाता म्हणायची, "आपल्याकडचं मोरीतून घरात येतं." यावर तिने एक निबंध लिहिला. तो विषय पर्यावरणाचा नसून गृहशास्त्राचा आहे, असं सांगून एका परिषदेने परत केला. गृहशास्त्रवाल्यांनी सांगितलं, हा शेतीचा. ती आठवडाभर त्याची नक्कल करून मला हसवत होती, पण तिला ते लागलं होतं, मला दिसत होतं.

लागणारच. आमचं घर हसनाबादचं, बांधावर उभं राहून बायांना कामाला लावणाऱ्यांचं. तिचं घर राजूरकडचं, कामाला येणाऱ्या त्या बायांचं. आम्ही दोघींनी हे कधी झाकून ठेवलं नाही. तिच्या आजाने छप्पन साली दीक्षा घेतली आणि नातवंडं शिकतील असा हट्ट धरला, तरी तिच्या आईचा जन्म दुसऱ्यांच्या कापसातच गेला. एकदा स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच असताना ती सहज बोलून गेली, "आई सांजच्याला घरी आली की तिच्या पदराला औषधाचा वास यायचा. मी त्या पदरात तोंड घालून झोपायचे. मला वाटायचं, आईचा वास असाच असतो..."  मग म्हणाली, "तिला कोणी सांगितलं न्हाई गं, की आज त्या शेतात जाऊ नको. एका गावात तरी बायांना हे कोणीतरी सांगितलं पाहिजे. माझ्या डोळ्यांदेखत." मग आम्ही आमचंच गाव धरलं.

हसनाबादला माझा भाऊ दत्ता शेती बघतो. त्याची बायको, माझी मंगलवहिनी, हिचे हात दर फवारणीच्या हंगामात फुटायचे, डोकं गरगरायचं. विचारलं तर म्हणायची, "उन्हाचं झालं असंल." सुजाताने तिचे हात आपल्या हातात घेऊन बराच वेळ बघितले आणि दत्ताला बोलावून घेतलं. औषधाच्या पाकिटावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत त्या शेतात कोणी पाय टाकायचा नाही, आणि हे लांबून कळावं म्हणून बांधाच्या आतल्या कडेला काठी रोवून तिला लाल फडकं बांधायचं, असं ठरलं. मॅडमचा शब्द म्हणून दत्ताने फडकं बांधलंही.

पुढच्या खेपेला आम्ही गेलो तर काठीच्या बुडाशी एक दगड, दगडाला शेंदूर, पुढ्यात लिंबू आणि फोडलेला नारळ! दत्ताच्या शेतात म्हसोबा उगवला, अशी गावभर आवई उठली होती. पाकिटावरचे दिवस कधीच सरले, पण देवाच्या धाकाने एकही बाई निंदायला येईना. गवत कापसाच्या वर डोकं काढून बसलं होतं. दत्ता हात जोडून म्हणाला, "मॅडम, देव तुम्ही बसवला, आता उठवा बी तुम्हीच." सुजाता हसून हसून खाली बसली. मग त्या शेंदराच्या दगडाकडे बघत म्हणाली, "आमच्या आजानं घरातले देव नदीत सोडले, अन् नातीनं हसनाबादेत म्हसोबा उभा केला. काय म्हणंल गं म्हातारा?" येताना ती सगळ्या वाटेत एक शब्द बोलली नाही. आता ही पुन्हा यायची नाही, असं मी धरूनच चालले होते.

ती पुढच्याच फवारणीला हजर. अंगणात मंगलवहिनी दत्ताचा फवारणीचा सदरा मोरीकडे नेत होती. सुजाताने हातमोजे चढवले, वहिनीच्या हातातून तो सदरा काढून घेतला आणि तरातरा शेतात जाऊन काठीवर चढवला. बाह्या दोन्हीकडे पसरल्या. "याच्यापुढं कोणी नारळ फोडणार न्हाई," ती म्हणाली. मग तिथंच कायदा केला. हा सदरा घरात येणार नाही. तो काठीवर आहे तोवर शेत बंद. दिवस सरले की ज्याने फवारलं त्याने तो उतरवून विहिरीपासून लांब, हातमोजे घालून, वेगळ्या बादलीत स्वतः धुवायचा.

"मी कपडे धुऊ? लोक हसतील ना, मॅडम!" दत्ता म्हणाला.

"हसू द्या, दादा. हसल्यानं कोणाचे हात फुटत न्हाईत."

आणि शेत बंद म्हणून बायांची चूल बंद, हेही तिला चालणार नव्हतं. त्या दिवसांत त्यांना त्याच्या मोसंबीच्या बागेत काम द्यायचं, हे तिने दत्ताकडून कबूल करून घेतलं. त्याने पहिल्यांदा सदरा धुतला तेव्हा शेजारचे खरंच बघायला जमले होते. दत्ता महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. सगळं गाव सुधारलं असं मी म्हणणार नाही, अजून कितीतरी घरांत ते कपडे मोरीतच जातात. सुजाता मात्र दर हंगामाला जायची, निवृत्तीनंतरही, आणि बांधाबांधाने हिंडून सदरे बघायची. सदरा नसला की त्या घरी जाऊन हक्काने चहा मागायची आणि चहा संपेस्तोवर त्यांना फैलावर घ्यायची. मंगलवहिनीचे हात आता बरे आहेत. गेल्या दिवाळीला तिने मला बांगड्या भरायला बरोबर नेलं तेव्हा मी ते मुद्दाम निरखून बघितले.

सुजाता गेल्यावर परवा मी पहिल्यांदाच हसनाबादला गेले. घरात बसवेना म्हणून सकाळीच एकटी शेताकडे निघाले. आम्ही दोघी नेहमी कापसातून आडव्या विहिरीकडे जायचो, त्याच वाटेला लागले. डोळे भरून आले होते, समोरचं काही नीट दिसत नव्हतं. बांधाशी निंदणीच्या बाया उभ्या होत्या, त्यांची म्होरकी कौसाबाई पुढे. त्यांच्यात एक नवी सून होती, तिने खुरपं सावरून विचारलं, "मामी, चलायचं न्हाई का आत?"

"आज न्हाई," कौसाबाई म्हणाली, "मॅडम उभ्या हायेत."

 मी वळून बघितलं. कापसात काठीवर दत्ताचा विटलेला निळा सदरा वाऱ्यावर बाह्या हलवत उभा होता. "तुम्ही त्याला मॅडम म्हणता?" मी विचारलं. कौसाबाई पदर तोंडाला लावून हसली. "पहिल्यापासून. त्यांच्या तोंडावर कसं म्हणावं, म्हणून कधी बोललो न्हाई." बाया मोसंबीच्या बागेकडे वळल्या. मला राहवेना. एकदा जवळ जाऊन त्या बाहीला हात लावावा वाटला... मी बांध ओलांडून पाय टाकणार, तोच मागून कौसाबाईने माझं मनगट धरलं.

"ताई, मागं व्हा. मॅडम उभ्या हायेत म्हणलं न्हाई का?"

मी पाय मागे घेतला. उभ्या जन्मात पहिल्यांदाच मी सुजाताचं एका शब्दात ऐकलं.