दगडासाठी वाकायची खोड

आनेकलकडच्या खेड्यात वाढलेल्या कुणालाही विचारा. कुत्रं अंगावर आलं की वाकायचं आणि दगड उचलल्यासारखं करायचं. दगड नसला तरी चालतं, कुत्रं शेपूट घालून पळतं. मी शाळेत चौथीपर्यंतच गेले, पण शाळेच्या वाटेवर हे आधी शिकले. पुढे साठ वर्षं ते कधी चुकलं नाही. बंगळुरात सर्जापूर रोडला मुलाच्या अपार्टमेंटमध्ये राहायला आले आणि चुकलं.

आमच्या इमारतींच्या मधून एक पायवाट जाते. सकाळी साडेसहाला मी तिथे चालते, एकटी. गोळी घेतलीस का, स्वेटर घातलास का, हे विचारायला तेव्हा कुणी नसतं.

एके दिवशी वासराएवढा पिवळा कुत्रा सुसाट आला. मालक, पुण्याकडचा तरुण, मागे फोनमध्ये बघत चालला होता. कुत्र्याचा पट्टा त्याने स्वतःच्या गळ्यात अडकवला होता. मी वाकले. त्या कुत्र्याने जन्मात दगड पाहिला नव्हता. म्हातारी चेंडू टाकतेय असं त्याला वाटलं असावं. त्याने दोन्ही पाय माझ्या खांद्यावर टाकले आणि मी उताणी पडले. कोपर सोलवटलं, मनगट सुजलं.

"आंटी, रिलॅक्स! तो एकदम फ्रेंडली आहे. त्याला फक्त खेळायचं असतं."

"मला नाही खेळायचं."

"तुम्ही अशा एकदम वाकलात ना, म्हणून तो एक्साइट झाला."

म्हणजे चूक माझी.

घरी मुलाने मनगटाला पट्टी बांधली. "आई, उद्यापासून गच्चीवर चाल."

"कुत्र्याला गच्चीवर ने म्हणावं."

"ते लोक ऐकत नाहीत गं."

"मग मी का ऐकू?"

म्हातारीला कुणी एकदम कोंडून घालत नाही. आज पायवाट बंद, उद्या लिफ्ट बंद, मग खिडकीजवळ खुर्ची. सगळं काळजीपोटी. एकदा हो म्हटलं की ती खुर्ची सुटत नाही. मी हो म्हटलं नाही.

सूज उतरल्यावर नवऱ्याची लांब छत्री घेऊन निघाले. फाटकावरचा वॉचमन हसला. "अज्जी, मळे एल्ली?" पाऊस कुठाय म्हणे.

"येईल," म्हटलं.

कुत्रा आला, पुन्हा मोकळाच. माझी पाठ आपोआप वाकू लागली, इतकी ती जुनी खोड. तिला आवरलं, भिंतीला टेकून ताठ उभी राहिले आणि जोरात ओरडले, "हट्!" तो थांबला नाही. त्याने उडी घेतली तशी छत्री त्याच्या नाकाडावर हाणली. एकदाच. तो केकाटत मालकाच्या पायांमागे लपला. वाईट वाटलं का, असं सुनेने नंतर विचारलं. नाही वाटलं.

"आंटी, तुम्ही मारलंत त्याला! मी कम्प्लेंट करणार. हा गुन्हा आहे!"

"कर. मीही सांगते, माझं मनगट कशाने सुजलं होतं ते."

संध्याकाळी अपार्टमेंटच्या सेक्रेटरीने आम्हा मायलेकांना खालच्या खोलीत बोलावलं. टेबलावर इंग्रजीत टाइप केलेला कागद होता. "अज्जी, स्वल्प सांभाळून घ्या. इथे सही करा, विषय संपेल."

"वाचून दाखव," मी मुलाला म्हटलं. त्याने खाली मान घालून वाचलं. मला खेद होतो, आणि यापुढे मी घरच्या माणसाबरोबरच चालेन, असं त्यात होतं.

"कर ना सही आई. आपल्याला इथेच राहायचंय."

"मलाही इथेच राहायचंय."

मी कागद उलटा केला. माझी शाळा कन्नड होती. कोऱ्या बाजूवर मोठ्या कन्नड अक्षरांत लिहिलं: कुत्रा बांधलेला असेल तर मी त्याला काही करणार नाही. मोकळा अंगावर आला तर मारीन. सकाळी साडेसहा ते सात मी पायवाटेवर असते. एकटी असते. खाली सही केली.

सेक्रेटरीने दोनदा वाचलं, "सरी", म्हणजे बरं, म्हणाला आणि कागद खणात टाकला.

दुसऱ्या दिवशी मुलगा दारात बूट घालत बसला होता. "मी येतो बरोबर."

"का? तुला कुत्र्याची भीती वाटते?"

त्याला हसू आलं, पण बूट काही त्याने काढले नाहीत. मी छत्री घेतली, लिफ्टमध्ये शिरले आणि तो दुसऱ्या बुटाची नाडी बांधेपर्यंत दार लावून घेतलं.