आर्मान्याक आणि कोहळ्याची बोंडं

डेट्रॉइटच्या विमानतळावरून ॲन आर्बरकडे निघालो, तेव्हा मोटार चालवता चालवता माझ्या धाकट्या बहिणीने, वैशालीने, मला तीन गोष्टी बजावल्या. बूट घातल्याशिवाय अंगणात जायचं नाही. खिडकी उघडायची नाही. आणि रविवारी बुद्धवंदनेला आपली माणसं भेटतील, त्यांनी मैत्रेयीचं विचारलं तर ‘फूड इंडस्ट्रीत आहे’ एवढंच सांगायचं. पहिल्या दोन गोष्टी नोव्हेंबरातल्या थंडीमुळे होत्या. तिसरीचं कारण मला ठाऊक होतं.

मैत्रेयी ही तिची मुलगी. इथेच जन्मली, इथल्याच विद्यापीठात रसायनशास्त्र शिकली आणि मग प्रयोगशाळा सोडून एका रेस्टॉरंटमध्ये मद्यविभाग सांभाळू लागली. आम्ही पंचशील पाळणारी माणसं. त्यात आमच्या आईने गडचिरोलीकडच्या गावात बायका जमवून दारूची भट्टी बंद पाडली होती. तेव्हा बारा वर्षांची वैशाली कंदील धरून पुढे चालत होती. पुढे मीही तिकडेच तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, दारूने काय होतं ते वॉर्डात रोज पाहत होते. अशा घरातली नात दारू वाढते, हे वैशालीने दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मायलेकी फोनवर हवापाण्याचंच बोलायच्या.

ॲन आर्बर गाव छान आहे. बर्फातही विद्यार्थी सायकली हाकतात आणि बस थांबली की उतरताना ड्रायव्हरचे आभार मानतात. मीही मानले. दुसऱ्यांदा मानले तेव्हा चुकीच्या थांब्यावर उतरले होते.

बुधवारी मैत्रेयी मला तिचं काम दाखवायला घेऊन गेली. शनिवारी वीस पाहुण्यांची खास मेजवानी होती आणि ती सगळी तिच्यावर सोपवलेली. नीट पार पडली तर दर महिन्याला तिच्या नावाने मेजवानी होणार होती. नियम एकच, मद्य फ्रान्सच्या ज्या मुलखातलं, जेवणही त्याच मुलखातलं. नॉर्मंडीत सफरचंदं पिकतात, म्हणून तिथलं काल्व्हादोस (सफरचंदाचं मद्य) आणि सोबत तिथलंच चीज. दक्षिणेकडचं पास्तिस (बडीशेपेच्या वासाचं, पाणी घालताच दुधासारखं होणारं मद्य) ऑलिव्हच्या चटणीबरोबर. गॅस्कनीचं आर्मान्याक (द्राक्षाचं, लाकडी पिंपात मुरवलेलं) बदकाच्या मांसाबरोबर.

मी म्हटलं, आमच्याकडे मोहफुलांचं असंच असतं. फ्रान्समधल्या शेतकऱ्याने केलं की बाटलीवर सोनेरी लेबल लागतं, आमच्याकडच्या बाईने केलं की पोलीस येतात. मग मी तिला आजीने बंद पाडलेल्या भट्टीची गोष्ट सांगितली. तिला ती कुणी सांगितलीच नव्हती. ऐकताना तिच्या हातातला ग्लास तसाच राहिला.

मी चाखणार नाही म्हटल्यावर तिने नुसता वास घ्यायला सांगितलं. उत्साहाच्या भरात मी घरून नेलेली पाटवडी (रश्श्यात सोडलेली बेसनाची वडी) तिथल्या मुख्य आचाऱ्यापुढे, ब्रायनपुढे ठेवली. त्याने रस्सा ओरपला, वर आर्मान्याकचा घोट घेतला आणि बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मैत्रेयीने हसू दाबत समजावलं, की तिखटावर कडक मद्य घेतलं की आग दुप्पट होते. ब्रायन डोळे पुसत म्हणाला, की चव उत्तम आहे, पण त्याला ती पुन्हा नको.

शनिवारी सकाळी बर्फाचं वादळ आलं. बदकं घेऊन येणारा ट्रक कुठेतरी हायवेवर अडकला. मी मैत्रेयीबरोबरच होते. ती चार ठिकाणी फोन करून आली आणि रिकाम्या टेबलाशी बसली. मेजवानी आता कॅन्सल करावी का, असं तिने ब्रायनला विचारलं, तेव्हा तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी आर्मान्याकचा ग्लास पुन्हा नाकाशी धरला. मुरलेलं लाकूड, सुकी फळं आणि त्याखाली उकळत्या गुळाचा वास. म्हटलं, याच्याबरोबर कोहळ्याची (लाल भोपळ्याची) बोंडं करू. कोहळं किसून गुळात शिजवायचं, कणकेत मळायचं आणि तळायचं. तिखटाचा प्रश्न नाही. नोव्हेंबरात मिशिगनमध्ये लाल भोपळे हवे तेवढे होते. गुळाची भेलीही तिथल्या भारतीय किराणा दुकानातून आली.

पण माझी बोंडं दगड होतात. मऊ करायची ती वैशालीनेच. मी तिला फोन लावला.

बेत तिने शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग म्हणाली, “ताई, आईने काय केलं होतं ते विसरलीस?”

“विसरले नाही. कणीक किती घालू, तेवढं सांग.”

तिने प्रमाण सांगितलं आणि फोन ठेवला. तासाभराने रेस्टॉरंटच्या मागच्या दारात ती स्वतःची कढई घेऊन उभी होती. केसांवर बर्फ. मी तळायला आलेय, बाहेर येणार नाही, असं तिने आधीच सांगून टाकलं.

संध्याकाळी आम्ही दोघी तळत होतो आणि वाढायच्या खिडकीतून पलीकडचं दिसत होतं. बोंडं बाहेर गेली तेव्हा मैत्रेयी उभी राहिली. आज मी माझाच नियम मोडते आहे, हा पदार्थ गॅस्कनीचा नाही, असं तिने पाहुण्यांना सांगितलं. पुढे म्हणाली, की तो माझ्या आईने आणि मावशीने केलाय, त्या दोघी मद्य घेत नाहीत. माझ्या आजीने गावातली भट्टी बंद पाडली होती, ते तिने योग्यच केलं. कुणाला ग्लास नको असेल तर गरम सफरचंदाचा रस आहे.

वैशालीच्या हातातला झारा थांबला. कढईतल्या घाण्यातली दोन बोंडं करपली.

एका आजीबाईंनी बोंडं तीनदा मागून घेतली आणि ग्लास तसाच ठेवला. वैशालीने हा आपला विजय मानला. बाकीच्या एकोणीस जणांनी ग्लास रिकामे केले, ते मी बोलले नाही.

पाहुणे गेल्यावर मैत्रेयी आत आली आणि उभ्यानेच एक बोंड खाऊ लागली. वैशालीने विचारलं, एकेकाला दारू किती देतेस? मैत्रेयीने बोटांनी माप दाखवलं. आणि मोटार चालवत जाणारे? त्यांना आधीच विचारते, टॅक्सी मागवून देते, असं ती म्हणाली.

वैशाली कढई पुसत राहिली. मग म्हणाली, “तुझं काम मला आवडलेलं नाही. पण तू ते नीट करतेस.”

“आय नो, मम्मा,” मैत्रेयी म्हणाली आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून तशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी वंदनेनंतर एका काकूंनी मैत्रेयी काय करते म्हणून विचारलं. मी ‘फूड’ म्हणायला तोंड उघडलं, तोवर वैशालीने सगळं सांगून टाकलं होतं. काकूंनी बोंडांचं प्रमाण विचारलं. त्यांच्या यजमानांनी, काकू बूट शोधायला गेल्यावर, रेस्टॉरंटचा पत्ता विचारला.

नागपूरला परतून आता महिना झाला. नायगरा पाहिला का, असं सगळे विचारतात. नाही, बर्फामुळे राहिला. परवा वैशालीचा फोन आला. मैत्रेयीला सोमवारी सुट्टी असते, ती आता दर सोमवारी जेवायला येते आणि ताटावर बसल्या बसल्या दोघी तिच्या नोकरीवरून कडाडून भांडतात. वैशाली तक्रार करत होती. त्या घरात आता हवापाण्याशिवाय दुसरंही काही बोललं जातं, हे माझ्या मनातच ठेवलं.