शहाऐंशीव्या मजल्यावरून न दिसलेली इमारत

ईरा आणि अर्णव, मी न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या शहाऐंशीव्या मजल्यावर जाऊन आले आहे. पण ती इमारत मी पाहिलेली नाही.

वाक्य बरोबर आहे. (सांगलीच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलेली बाई वाक्य तपासल्याशिवाय पुढे जात नाही.) ही गोष्ट आजवर तुम्हांला सांगितली नाही, कारण कुणी विचारलंच नाही. पण परवा तुमच्या आईचा मेलबर्नहून फोन आला. डिसेंबरच्या सुट्टीत तुम्ही न्यूयॉर्कला जाणार आहात, आणि अर्णवला हवं आहे की ती इमारत बाहेरून कशी दिसते ते आजीनं सांगावं. मी म्हटलं, लिहून कळवते. फोनवर खोटं पटकन बोललं जातं. लिहिताना तेवढं जमत नाही.

मी अर्णवएवढी होते तेव्हा आमच्या इंग्रजीच्या पुस्तकात तिचं चित्र होतं. काळंपांढरं, पोस्टाच्या तिकिटाहून जरासं मोठं. खाली रुंद, मग पायरी पायरी घेत अरुंद होत गेलेली, आणि शेवटी नुसती एक सुई. माझे वडील हळदीचे व्यापारी. दुपारी पेढीच्या माडीवर मी ते पुस्तक घेऊन पडत असे. खाली पोती उतरायची, खिडकीतल्या उन्हात पिवळी धूळ तरंगायची, आणि त्या धुळीतून ती इमारत सावकाश वर यायची, कृष्णेच्या पलीकडे, सांगलवाडीच्या उसाच्या वर. मी तिच्यासमोर उभी राहून पायथ्यापासून मान वर न्यायला लागायची. अर्ध्यावर पोचले की झोप लागायची.

मला हवं होतं ते एवढंच. एकदा तिच्यासमोर उघड्यावर उभं राहायचं आणि पायथ्यापासून टोकापर्यंत एका दमात बघायचं. वर जायची मला फारशी हौसही नव्हती.

योग आला तो विट्याच्या दाजींमुळे. दाजी म्हणजे तुमच्या आजोबांच्या बहिणीचे यजमान. विट्याच्या निम्म्या पुरुषांसारखं त्यांचंही परमुलखात सोनं गाळायचं दुकान, मदुराईला. त्यांच्या संदीपनं न्यू जर्सीत घर घेतलं, त्याच्या वास्तुशांतीला आम्ही गेलो. परतीच्या आदल्या दिवशी संदीपनं आमची सूर्यास्ताच्या वेळची तिकिटं काढली आणि तो कामावर गेला. वन्संनी घरी राहणं पसंत केलं. ("गच्चीवर गेलं तरी माझं डोस्कं गरगरतंय, मला कशाला आभाळात नेताय?") उरलो तिघं: मी, तुमचे आजोबा आणि दाजी. इंग्रजी येणारी मी एकटी, म्हणून पुढारी मी.

मी योजना आखली. रेल्वे जमिनीखालून जाते, तेव्हा शेवटच्या स्टेशनाच्या एक स्टेशन अलीकडे उतरायचं. तिथे मोकळा चौक आहे, तिथून इमारत अख्खी दिसते. ती डोळे भरून बघायची, बघत बघत चालत जायचं, मग आत शिरायचं. आधी दर्शन, मग प्रवेश.

गाडीत आमच्या समोर एक धिप्पाड गृहस्थ बसले होते. त्यांच्या गळ्यात गाईच्या दाव्याएवढी जाड सोनेरी साखळी. दाजी वाकून बघायला लागले.

"वहिनी, बावीस कॅरट न्हाई हे."

"दाजी, असं बघू नये कुणाच्या गळ्याकडे."

"बघतुय कुठं? अंदाज घेतुय. आतनं पितळ हाय. गड्याला फसिवलंय कुणीतरी, सांगाय पायजे."

"ओळख ना पाळख, कशाला सांगायचं?" आजोबा म्हणाले.

"मेजर, उद्या पोरीच्या लग्नाला मोडाय गेला म्हंजे?"

आणि दाजींनी त्या गृहस्थांना सांगायला सुरुवात केली. तमिळमध्ये. (चाळीस वर्षं मदुराईत काढल्यामुळे परका माणूस दिसला की दाजींच्या तोंडून तमिळ येतं. जगात परकी भाषा एकच, असा त्यांचा समज आहे.) ते गृहस्थ उठून उभे राहिले. मी मधे पडले, चांगल्या व्याकरणशुद्ध इंग्रजीत क्षमा मागितली, साखळीची स्तुती केली, त्यांच्या मुलीच्या भावी लग्नाला शुभेच्छा दिल्या. त्यांना मुलगी नव्हती. हे सगळं होईपर्यंत माझं स्टेशन निघून गेलं.

आम्ही शेवटच्या स्टेशनावर उतरलो, म्हणजे थेट इमारतीच्या शेजारीच. जिना चढून वर आले आणि श्वास रोखून मान वर केली. वर फळ्या होत्या. कसलंसं दुरुस्तीचं काम चाललं होतं, आणि अख्ख्या पदपथावर लोखंडी खांब रोवून मांडव घातला होता.

"अहो, आपण रस्त्याच्या पलीकडे जाऊ. दोन मिनिटं."

आजोबांनी घड्याळ दाखवलं. तुमचे आजोबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. (मेजर ते फक्त दाजींच्या तोंडी.) त्यांच्या लेखी तिकिटावरची वेळ म्हणजे वरून आलेला हुकूम.

"रिपोर्टिंग टाइम झालाय. बिल्डिंग कुठं पळून जातीया? येताना बघ."

मांडवाखालूनच चालत आम्ही दारात शिरलो.

आत गेल्यावर दाजी थांबले. ते मोठं दालन तुम्ही जरूर बघा. भिंती गुळगुळीत दगडाच्या, आणि छतावर सोन्याच्या वर्खात काढलेले तारे नि चक्रं, जणू कुणी रात्रीचं आभाळ उलगडून त्याचं यंत्र करून ठेवलं आहे. समोरच्या भिंतीवर धातूत कोरलेली ती इमारत, मागे किरणं फुटलेली.

"ही बघ तुझी बिल्डिंग," आजोबा म्हणाले. "झालं समाधान?"

"चित्र मी शाळेत असतानाच पाहिलंय."

दाजींचं भिंतीकडे लक्ष नव्हतं. त्यांची मान मागे गेली होती ती खाली येईना. मला टोकापर्यंत जसं बघायचं होतं ना, तसं दाजी छताकडे बघत होते. मला त्यांचा मत्सर वाटला.

"वहिनी, खरा वर्ख हाय. त्या शिपायाला इचारा, किती टंच?"

पहारेकऱ्याला मी नम्रपणे विचारलं की आमच्या पाहुण्यांना आपल्या छताची शुद्धता जाणून घ्यायची आहे. त्यानं मला वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग विचारलं, "विकत घ्यायचंय का त्यांना?"

"काय म्हणतोय?" दाजी म्हणाले.

"काही नाही. चला."

"आवं थांबा. आनी इचारा, हितली झाडलोट कोण नेतंय? एवढ्या वर्साचा वर्ख, थोडाफार गळत आसलंच की."

सोनाराच्या दुकानातला केर विकत घेऊन, जाळून त्यातून सोनं काढणारी ही माणसं. त्यांच्या दृष्टीनं प्रश्न अगदी रास्त होता. मी भाषांतर करायला नकार दिला. तेव्हा दाजींनी हातानं केर काढून, तो पिशवीत भरून, पिशवी खांद्याला मारून दाखवली. पहारेकऱ्याचा हात कमरेच्या वॉकीटॉकीकडे गेला. ते पाहून आजोबा पुढे झाले आणि त्यांनी खाडकन सलाम ठोकला. तो बिचारा गोंधळला, त्यानंही सलाम केला, आणि तेवढ्यात मी दाजींना दंडाला धरून लिफ्टकडे ओढलं.

लिफ्ट वर गेली तसे कान बंद झाले आणि सगळं शांत झालं. ती शांतता वर उतरल्यावरही बराच वेळ माझ्याबरोबर राहिली. बाहेरच्या सज्जात गार वारा होता. खाली ते अफाट शहर खेळण्यासारखं मांडलेलं, रस्त्यांच्या फटींतून दिव्यांचे मणी सरकत होते, आणि सगळ्या खिडक्यांवर पिवळं ऊन उतरलं होतं. नदी इतकी संथ वाटत होती की ती वाहते आहे यावर विश्वास बसेना. मला माडीवर पडल्यासारखं वाटलं. आपण जागे आहोत की नाही हे नक्की करायचीसुद्धा इच्छा नव्हती.

आजोबा शेजारी येऊन उभे राहिले. त्यांचा आवाज मऊ होता, तसा तो क्वचित असतो.

"पोचलीस बग. आता दाव, तुझी ती बिल्डिंग कुठली?"

आणि मी दाखवली. म्हणजे हात वर केला, बोट रोखलं, उंच इमारतींवरून ते सावकाश फिरवायला लागले: ही नव्हे, तीही नव्हे, ती चमकत्या पोलादी शेंड्याची तर नव्हेच. जवळजवळ अर्धं शहर पालथं घातल्यावर माझ्या लक्षात आलं. बोट तिथेच हवेत राहिलं.

"अहो," मी म्हटलं, "आपण तिच्यावर उभे आहोत."

आजोबांनी खाली पाहिलं. ते साताऱ्याचे, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेले. मग म्हणाले, "खरंय. गड गावातनं दिसतुय. गडावनं गाव दिसतंय."

"मग आत शिरण्याआधी पलीकडे का जाऊ दिलं नाहीत?"

 तेवढ्यात पूर्वेच्या कठड्याशी दाजी हात हलवायला लागले. "वहिनी, हिकडं या. पडलीय बगा आडवी."

खाली छपरांवर आमच्या इमारतीची सावली पसरली होती. रुंद, मग पायरी पायरीनं अरुंद होत गेलेली. ती नदीपर्यंत गेली होती आणि आम्ही बघत असताना नदी ओलांडत होती. आजोबांनी हात वर केला.

"दिसतुय का गं माझा हात?"

"इतक्या लांबून कसा दिसेल?"

तरी त्यांनी तो खाली घेतला नाही. दाजींनीही केला. मग मीही केला. आम्ही तिघं म्हातारे शहाऐंशीव्या मजल्यावर हात वर करून आपापली सावली शोधत उभे होतो, आणि एक मुलगी येऊन विचारून गेली की तुम्हांला काही मदत हवी आहे का. मी पायथ्यापासून बघायला सुरुवात केली होती. पण सावली इतकी लांबली की तिचं टोक संधिप्रकाशात कुठे मिसळलं ते कळलंच नाही.

मला अजून आशा होती. खाली उतरल्यावर पलीकडे जायचं, एवढं एकच. पण उतरताना दाजी नाहीसे झाले. ते त्या दालनात सापडले, एका खांबाला टेकून, मान वर. त्यांना बाहेर आणतो तोच दारात संदीपची गाडी, आणि मागे पोलीस.

"मामी, बसा पटकन. इथं गाडी थांबवू देत नाहीत."

"संदीप, मला फक्त एकदा…"

"मामी, दंड!"

मला मधे बसवलं. एका बाजूला आजोबा, दुसऱ्या बाजूला दाजी, मागच्या काचेपर्यंत संदीपनं आणलेलं वाणसामान. मी वळून पाहिलं, तर कोथिंबिरीच्या जुड्या दिसल्या. दुसऱ्या दिवशी आमचं विमान होतं.

तेव्हा अर्णव, बाहेरून ती कशी दिसते ते तूच मला लिहून कळव. आधी रस्त्याच्या पलीकडे जा आणि सावकाश बघ, मग आत शिर. सोबत कुणी सोन्यातला माणूस नेऊ नकोस.

त्या दिवसाचा एकच फोटो उरला आहे. दाजींनी तो सज्जात माझ्या नकळत काढला. त्यात मी मोठ्या आत्मविश्वासानं बोट दाखवते आहे, आणि बोटाच्या पुढे नुसतं आभाळ आहे.