शिरवडकरांनी वाचलेली पोर्तुगीज अक्षरं

दत्ताराम शिरवडकर पोस्टातून रिटायर झाले, गिरगावातली खोली विकून भाईंदरला केबिन रोडमागच्या सोसायटीत आले, तेव्हा सामानात जुन्या नाण्यांचे तीन डबे होते. त्यातल्या दोन डब्यांत निव्वळ खोटी नाणी. रामदरबाराचं चित्र असलेलं १८१८ सालचं कंपनी सरकारचं नाणं तर त्यांनी चारदा हौसेने घेतलं होतं. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नव्हतं, हे पाचव्यांदा घ्यायला गेले तेव्हा कळलं. "इतका फसलेला माणूस अख्ख्या भाईंदरमध्ये नाही, म्हणून मी तज्ज्ञ," असं ते स्वतःच सांगायचे.

एका रविवारी जवळच्या मोरवा गावचे काळूराम पाटील बायकोला, शांतीबाईंना, घेऊन आले. त्यांनी देव्हाऱ्यातलं नाणं पुढे ठेवलं. "काका, एक जण म्हनतो लाखाचं हाय. खरं काय ते सांगा."

रामदरबार! शिरवडकरांनी भिंगसुद्धा काढलं नाही. "खोटं आहे हो. अशी चार आहेत माझ्याकडे."

काळूरामांचा चेहरा पडला. शिरवडकरांनाही वाईट वाटलं. काहीतरी बरं बोलावं म्हणून त्यांनी शांतीबाईंच्या पिशवीतून डोकावणारा तळहाताएवढा काळपट लाकडी ठोकळा उचलला. त्यावर अक्षरं कोरलेली होती. आता भिंग निघालं.

"ही लिपी आपली नाही," ते हळूच म्हणाले. "वसईला पोर्तुगीज होते ना? चर्चमधली वस्तू दिसतेय." मग वीस मिनिटं ते पोर्तुगिजांवर बोलले. त्यांच्या पत्नी सुलूताई दोनदा चहा देऊन गेल्या.

शांतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सुलूताईंना विचारलं, "वयनी, जाडं मीठ हाय का?"

ताटात ओलसर मीठ पसरून त्यांनी ठोकळा दाबला, उचलला. मिठात स्वच्छ मराठीत उमटलं: पंढरीनाथ.

"माझे आजेसासरे. मिठाची रास झाली का तिच्यावर हा छाप मारायचे. कोनी मीठ काढलं तर छाप मोडायचा, लगेच समजायचं."

सुलूताई म्हणाल्या, "अहो, ठशावर अक्षरं उलटीच असतात. पस्तीस वर्षं पोस्टात शिक्के कोण मारत होतं?"

शिरवडकर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग वही घेऊन शांतीबाईंसमोर बसले. कुठलं मिठागर, लाकूड कसलं, कोरलं कोणी? त्या सांगत गेल्या, ते लिहीत गेले. मध्येच 'पोर्तुगीज' हा शब्द तोंडात आला, तो त्यांनी गिळला.

"घासू नका, पॉलिश करू नका," ते शेवटी म्हणाले. "सुती कापडात ठेवा. ही वस्तू खरी आहे."

"ते आमाला ठावं हाय," शांतीबाई म्हणाल्या.

काळूरामांनी नाणं खिशात टाकलं. "ह्ये देव्हाऱ्यातच ठेवतो. आयनं पुजलंय."

"ठेवा की," शिरवडकर म्हणाले, आणि त्यांना सोडायला गेटपर्यंत गेले.