पंजरे म्हणजे खिडकी

दोन हजार सात साली आम्हाला परदेशात, बिशानला येऊन चार वर्षं झाली होती; चौदाव्या मजल्यावर राहत होतो. नवरा सकाळी एमआरटी मेट्रोने रॅफल्स प्लेसच्या बँकेत जायचा आणि मी, त्याच्या नोकरीवर टांगलेला डिपेंडंट पास घेऊन, घरात. पुण्यात मी पुस्तकांची मुखपृष्ठं करायचे, त्यांवरची अक्षरं रंगवायचे. इथे देवनागरीचं काय लोणचं घालायचं? जीव गुदमरतो, असं नवऱ्याला किती वेळा सांगितलं. तो म्हणे, "एसी लाव." आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "सुख बोचतंय तुला!"

मग लायब्ररीत एक इराणी चित्रकार आली, कार्यशाळा घ्यायला. बाई अफाट होती. जुन्या रबरी चपलांच्या तळव्यांतून अक्षरं कापायची, त्यांना शाई फासायची आणि चहाच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर दणादण ठोकायची. चित्र काढायचं नाही, ते अक्षरातूनच आलं पाहिजे, हा तिचा हट्ट. तिच्या लिपीत वाटीसारखं एक अक्षर आहे, खाली तीन टिंबं. तेच ते ठोकत गेली आणि बघता बघता पुठ्ठाभर ढग, खाली पाऊस. मला तर रडूच आलं. किती दिवसांनी माझे हात शाईने काळे झाले होते!

शेवटी ती म्हणाली, आपापल्या भाषेतला एक शब्द घ्या. मी विचारच केला नाही. घेतला 'पिंजरा'. अक्षरांचे उभे दांडे ओढत ओढत कागदाच्या तळापर्यंत नेले, त्यांचे गज झाले. 'पिं'वरचा अनुस्वार उचलला आणि गजांच्या आत टाकला. तो म्हणजे मी.

बाईने विचारलं, हा शब्द कोणता? "पिंजरा," मी म्हटलं. ती टाळ्या पिटत ओरडली, "पंजरे! आमच्याकडेही तेच!" आणि मला मिठीच मारली. तिने चित्राखाली इंग्रजीत 'विंडो' अशी चिठ्ठी चिकटवली, तेव्हा मला कळलं की फारसीत पंजरे म्हणजे खिडकी. घ्या!

सांगणार होते तिला. पण मनात म्हटलं, राहू दे. रविवारी लायब्ररीच्या हॉलमध्ये आमच्या चित्रांचं प्रदर्शन, ते बघायला नवरा येणारच आहे. बोललेलं त्याला ऐकू येत नाही, लिहिलेलं तरी वाचेल. शाळेत मराठीत पहिला यायचा हा माणूस! त्या अख्ख्या हॉलमध्ये माझी अक्षरं वाचू शकणारा तोच एकटा असणार होता.

तो आला. चित्रापुढे चांगला मिनिटभर उभा राहिला. मग त्याने वाकून खालची चिठ्ठी वाचली.

"अगं, झकास! आपल्या किचनची खिडकी ना?" गजांमधल्या टिंबावर बोट ठेवून तो हसला. "आणि हे काय, कबुतर बसलंय वाटतं?"

"हो," मी म्हणाले. "चार वर्षं झाली, तिथेच बसलंय."